वयाने चि., मानाने ती.

लग्नपत्रिकेच्या आतला मजकूर कोणी वाचत नाही. तो वाचण्यासाठी नसतोच. नवरा कोण, नवरी कोण हे गावाला साखरपुड्याआधीच कळलेलं असतं. तारीख मोबाइलवर येऊन गेलेली असते. आणि मुहूर्त ११ वाजून ४७ मिनिटांचा छापला असला तरी वरात दोन वाजेपर्यंत बँडसमोर नाचणार, हे मुहूर्त काढणाऱ्या महाराजांनाही ठाऊक असतं. वाचला जातो तो लिफाफा, आणि लिफाफ्यावरचीही एकच ओळ, स्वतःच्या नावाची. माणूस ती आधी उभ्या उभ्या वाचतो, मग बायकोला दाखवतो, मग चष्मा शोधून पुन्हा वाचतो. त्यानंतर ठरतं की लग्नाला सगळ्या घरानं जायचं, की धाकट्या पोराच्या हाती एक पाकीट देऊन त्याला मोटारसायकलवर पिटाळायचं.

शहरात नावाखाली पत्ता असतो. तो कुरियरवाल्यासाठी असतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या पहाडावर पसरलेल्या जिवती तालुक्यात लग्नाची पत्रिका पोस्टानं पाठवली, तर ती मिळालेला माणूस विचारतो, "आमच्या गावचा रस्ता विसरले का जी?" इथे पत्रिका हातानंच द्यायची. मोटारसायकलवर दोघं बसतात, मधे पिशवी ठेवतात आणि गुड्यावरून तांड्यावर, तांड्यावरून वस्तीवर फिरतात. ज्यांच्याकडे जाणं झालं नाही त्यांना आठवडी बाजारात गाठायचं, कारण बाजार चुकवणारा माणूस पहाडावर अजून जन्मायचा आहे. उरलेल्या पत्रिका किराणा दुकानदाराकडे, शाळेतल्या गुरुजीकडे नाहीतर गडचांदूरला जाणाऱ्या जीपवाल्याकडे. यांच्यापैकी कोणालाही पत्ता लागत नाही, नाव लागतं. त्यामुळे शहरात जो भार घर नंबर, सोसायटी, मंदिराजवळ, शाळेसमोर असा पाच ओळींत वाटला जातो, तो इथे सगळा एका ओळीवर येऊन पडतो. त्या ओळीतही नावाआधीच्या दोन-तीन अक्षरांवर.

ही अक्षरं लिहिणार कोण? ज्याचं अक्षर बरं आहे तो. अक्षर बरं असल्याची बातमी पहाडावर लवकर पसरते आणि एकदा पसरली की मागे घेता येत नाही. माझ्याबद्दल ती कोणी पसरवली माहीत नाही, पण कापसाचे चुकारे झाले की माझ्या ओट्यावर माणसं दिसायला लागतात. हातात लिफाफ्यांचे गठ्ठे, वहीत यादी, आणि यादीवर देखरेख करायला मुलीचा चुलता, मामा आणि एक असे गृहस्थ की ज्यांचं नातं शेवटपर्यंत कळत नाही, पण हरकती सर्वांत जास्त त्यांच्याच असतात.

लिफाफा देखणा असतो. फटाके, काडेपेट्या आणि छपाई यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शिवकाशीहून असली कोरी कार्डं देशभर जातात. त्यावरचा सोनेरी गणपती तिकडचा, आणि खालचं ‘प्रति, श्री. ............’ हे इकडच्या छापखान्याचं. गणपतीबद्दल कोणाची तक्रार नसते. भांडण छापील श्री.पासून सुरू होतं.

"लिव्हा गुर्जी, पहिलं नाव मोठ्या इवायाचं," मुलीचा बाप म्हणतो.

"श्री. छापलेलंच आहे. नाव सांगा."

"नुसतं श्री.?" चुलता दचकतो. "नाराज होईन ना जी तो!"

"मग मा. लिहू?"

"मा. सरपंचाले लिहितेत. इवाई का सरपंच हाये?"

"बरं, ती. लिहितो. तीर्थरूप."

नातं न कळलेले गृहस्थ इतका वेळ सुपारी कातरत असतात. ते मान वर करतात. "तीर्थरूप बापाले लिहितेत. इवायाले लिहिलं त आपला बाप काय म्हणन?"

शेवटी ‘मा. श्री. रा. रा.’ असं लिहून इवायाला, म्हणजे व्याह्याला, एकरकमी मान दिला जातो. रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री, हे ओट्यावर कोणालाच ठाऊक नसतं. पण ‘रा’ दोनदा आल्यामुळे वजन वाढलं, यावर एकमत होतं.

दोष श्री.चा नाही. तो फार वापरात आला. विजेच्या बिलावर श्री. असतो, सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिशीवर असतो, कोर्टाच्या समन्सवरही असतो. ज्या अक्षरानं बँक कर्ज मागते, त्याच अक्षरानं मामानं भाचीच्या लग्नाला बोलवावं, हे माणसाला खटकतं. म्हणून जो तो श्री.च्या आजूबाजूला काहीतरी शोधतो. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याला ह.भ.प. हवं. शिक्षक निवृत्त झाला तरी त्याच्या नावातला ‘गुरुजी’ निवृत्त होत नाही. ज्याला यातलं काहीच मिळालं नाही, तो निदान ‘पाटील’ तरी मागतो, मग गावची पाटीलकी कोणाकडेही असो.

सगळ्यांत अवघड जागा जवायाची. वयानं तो पोरगा असतो. त्या हिशेबानं नावाआधी चि. यायला हवं. मानाच्या हिशेबानं मात्र तो साक्षात ती. असतो. चि. लिहिलं तर त्याला वाटतं, आपल्याला लेकरात काढलं. श्री. लिहिलं तर सासूला वाटतं, परक्यासारखं झालं. ती. लिहिलं तर मेहुणे त्याला जन्मभर ‘काय तीर्थरूप’ म्हणून हाक मारतील. सर्वमान्य तोडगा असा, की बिरुद काहीच लावायचं नाही. फक्त ‘जवाईबापू’ लिहायचं, लिफाफ्याच्या चारी कोपऱ्यांना हळद जरा सढळ हातानं लावायची आणि सासऱ्यानं तो स्वतः घेऊन जायचा. सासू सोबत असेल तर उत्तम. जवाई दोन असतील तर दोघांकडे एकाच दिवशी जायचं आणि मोठ्याकडे आधी. धाकट्याचं गाव वाटेतच लागत असेल तर दुसऱ्या वाटेनं जायचं. पहाडावर दुसरी वाट नसतेच, तेव्हा धाकट्याच्या गावातून जाताना गमछा तोंडावर ओढायचा आणि गाडी दामटायची.

एवढं जपावं लागण्याचं आणखी एक कारण जिवतीच्या वस्तीत आहे. गोंड आणि कोलाम इथले मूळचे. त्यांच्यामागून नांदेड, लातूर, परभणीकडची माणसं दुष्काळांनी, विशेषतः १९७२च्या दुष्काळानं, हा पहाड चढून आली. बंजारा, मराठा, बौद्ध, मातंग, धनगर, मुसलमान. शेजारी तेलुगू. इतकी वर्षं बांधाला बांध लावून शेती केल्यावर लग्नाची यादी एका समाजात मावत नाही. एकाच गठ्ठ्यात एका लिफाफ्यावर ‘आयु.’ लिहायचं, दुसऱ्यावर ‘जनाब’, तिसऱ्यावर तांड्याचे ‘नाईक’ आणि चौथ्यावर कोलामगुड्याचे ‘नाईक’. सीमेपलीकडच्या माणसाला ‘गारू’ लागतं. आपला मान नावाआधी बसतो, तेलुगू मान नावानंतर. पहाडावरची माणसं जोखीम घेत नाहीत. ती आधी श्री. लावतात आणि शेवटी गारू. नाव मधे सुरक्षित राहतं.

या बाबतीत गोंडांची व्यवस्था मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटते. तिथे माणसाचं कुळ किती देवांचं, एवढंच विचारतात. चार, पाच, सहा की सात. देवांचा आकडा सारखा निघाला की माणूस भाऊबंद. वेगळा निघाला की सोयरीक होऊ शकते. आमच्या ओट्यावर अमुक माणूस भाऊबंद की सोयरा हे ठरवायला तीन म्हातारे बसवावे लागतात, आणि त्यांच्यातही दोन मतं पडतात. तिथे आकडा सांगितला की यादीचे दोन भाग आपोआप होतात. लिफाफे लिहिणाऱ्याचं यापेक्षा भलं कोणत्याच धर्मशास्त्रानं केलेलं नाही.

छापील श्री. खरा अडतो तो बाईच्या लिफाफ्यावर. नवरा असलेल्या बाईला स्वतःचा लिफाफा मिळत नाही. ती ‘श्री. व सौ.’मधल्या सौ.त राहते, आणि त्या सौ.पुढे नाव लिहावं म्हटलं तर ते कोणाला माहीत नसतं. जिच्या हातचा चहा वर्षानुवर्षं प्यायला, तिचं नाव विचारायला फोन करावा लागतो, आणि फोन तिच्या नवऱ्याकडे असतो. तोही घटकाभर थांबतो. "माहेरचं सांगू का सासरचं?" मग मागून आवाज येतो, "कोणाचा फोन हाय?" आणि नाव राहूनच जातं. १ मे २०१४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी नावात स्वतःच्या नावामागोमाग आईचं नाव घालायचं राज्य सरकारनं ठरवलं आहे. ती लेकरं लग्नाला येतील तेव्हा लिफाफ्यावरची टिंबांची ओळ लांबवावी लागेल, पण निदान हा फोन तरी वाचेल.

नवरा गेलेल्या बाईचा लिफाफा सगळे एकमेकांकडे सरकवतात. जुने लोक ‘गं. भा.’ लिहीत. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणण्याचा प्रस्ताव पुढे केला, आणि इतकी टीका झाली की हा अजून निर्णय नाही, चर्चेसाठी आहे, असं सांगावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथाच बंद करण्याचा ठराव केला होता. ओट्यावर ही चर्चा हेरवाडपासून मंत्रालयापर्यंत गेली आणि लिफाफा कोराच राहिला. ज्या आजीसाठी तो होता ती तेवढ्यात तंबाखू मागायला आली. तिला विचारलं, गं. भा. लिहू का? अर्थ समजावून सांगितला. ती म्हणाली, "नद्या द्यायच्या तर माझ्या शेताला द्या. नावाला कामून?" छापील श्री. खोडला, नुसतं नाव लिहिलं आणि प्रश्न संपला.

पदाधिकाऱ्यांचे प्रश्न इतक्या सहज संपत नाहीत. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा महिलांच्या, म्हणून सरपंच बाई असते. तिच्या घराच्या ओट्यावर लोकांची कामं ऐकत बसलेला मात्र तिचा नवरा असतो. ‘सौ. सरपंच’ लिहिलं तर तो रुसतो, ‘श्री. सरपंच’ लिहिलं तर कायदा रुसतो. म्हणून गाव ‘मा. सरपंच साहेब’ लिहितं. साहेब म्हणण्यात बाई की बुवा हे उघड होत नाही. या ‘मा.’चा दुसराही उपयोग आहे. माजी सरपंचाच्या नावापुढे ‘माजी’ लिहिलं तर तो येत नाही, आणि नुसतं ‘सरपंच’ लिहिलं तर सध्याचा येत नाही. दोघांनाही ‘मा. सरपंच’ लिहायचं. माजी आपल्या लिफाफ्यावरचं ‘मा.’ माननीय असं वाचतो, सध्याचा त्याच्या लिफाफ्यावरचं ‘मा.’ माजी असं वाचतो, आणि दोघंही एका पंगतीत बसून जेवतात.

सर्वांत जपून लिहायचा लिफाफा तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाचा. गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. घरच्यांचा विरोध असलेली कितीतरी लग्नं या समित्यांनी गावाच्या साक्षीनं लावून दिली. म्हणजे लग्नात ज्याचा मान सरकारमान्य आहे असा हा एकच माणूस. त्याचं पद लिफाफ्यावर राहून गेलं की जो तंटा उभा राहतो, तो मिटवायला पुन्हा त्यालाच बोलवावं लागतं, आणि त्याला बोलवायचं म्हणजे पुन्हा लिफाफा आला.

सीमेवरच्या चौदा गावांत तर सरपंचच दोन असतात. परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा, महाराजगुडा ही त्यातली काही गावं. एका कागदानुसार ती जिवती तालुक्यात, दुसऱ्या कागदानुसार तेलंगणाच्या केरामेरी मंडळात. दोन्ही राज्यं तिथे ग्रामपंचायतीची निवडणूक घेतात, दोन्ही रेशन देतात, दोन्हींच्या मतदार यादीत नाव असतं, आणि शाळा मराठीही आहे, तेलुगूही. २०२४च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि आदिलाबादचं १३ मेला, म्हणजे एकाच लगीनसराईत दोन राज्यांचे प्रचारक मांडवाच्या दाराशी. ही गावं महाराष्ट्राचीच आहेत, असं राज्य सरकारनं जुलै २०२५ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं. गावकऱ्यांपुढचा प्रश्न त्याहून तातडीचा असतो: दोन सरपंचांपैकी लिफाफा आधी कोणाला द्यायचा? तो त्यांनी सीमा आयोग न नेमता सोडवला आहे. ज्याचं घर आधी लागतं त्याला आधी. परतताना दुसऱ्याकडे चहा.

आणि पत्ता लिहायचाच म्हटला, तर पहाडावर त्याचा भरवसा कधी नव्हताच. राजुरा तालुक्याचा हा सगळा भाग पूर्वी निजामाच्या हैदराबाद राज्यात, जिल्हा आदिलाबाद. १९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा राज्य मुंबई, जिल्हा नांदेड. १९५९ मध्ये जिल्हा चांदा. १९६० मध्ये राज्य महाराष्ट्र. पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं आणि तालुका राजुऱ्याऐवजी जिवती. ज्या म्हाताऱ्यानं जन्मात गुडा सोडला नाही, त्याच्या अंगावरून तीन राज्यं आणि तीन जिल्हे निघून गेले. महसूल खात्यातल्या माणसाचीही एवढी बदली होत नाही. सीमेवरच्या गावात याच्या जोडीला आंध्र प्रदेश, २०१४ पासून तेलंगणा आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्हा, अशी दुसरी वंशावळ चालू असते. म्हाताऱ्याच्या नावात मात्र या सगळ्या काळात फरक पडला नाही. म्हणून लिफाफ्यावर नावच लिहावं.

पिनकोडनं काही सोपं होईल असं वाटत होतं. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली ती पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं, आणि ते संस्कृतचे कवी होते. कवीनं गणित मांडूनही ते चुकलं नाही, ही एक दुर्मीळ गोष्ट. त्या गणितात महाराष्ट्राचा पिन ४ पासून सुरू होतो आणि तेलंगणाचा ५ पासून. सीमेवरच्या माणसाला चारचौघांत यायचं की पंचांत, हे पुन्हा सरकारवर. मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला: सगळ्या देशाचे चार मीटर लांब, चार मीटर रुंद चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड दिला. त्यात राज्य नाही, जिल्हा नाही, तालुका नाही. महाराजगुड्यातल्या एका घराला हा फार सोयीचा पडेल. डिसेंबर २०२२ मध्ये त्या घराची बातमी देशभर झाली होती. चार खोल्या महाराष्ट्रात, चार तेलंगणात. निजायची खोली इकडे, स्वयंपाकघर तिकडे.

अशा घराला ‘चूलबंद’ आमंत्रण कसं द्यायचं, हा या विषयातला सर्वांत मोठा घटनात्मक पेच आहे. आमंत्रणाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. लिफाफ्यावर एकट्याचं नाव असेल तर एकट्यानं यायचं, आणि येऊन लवकर निघायचं. ‘श्री. व सौ.’ म्हणजे दोघं. ‘सहपरिवार’ म्हणजे जीप. आणि ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटवायचीच नाही. म्हातारी, लेकरं, आलेला पाहुणा, सालगडी, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. म्हणजे ट्रॅक्टर. यजमानानं महाराष्ट्रातल्या दारात उभं राहून दिलेला लिफाफा तेलंगणातल्या चुलीला लागू पडतो का? कोर्टात हा मुद्दा बरीच वर्षं चालला असता. महाराजगुड्यात तो घरातल्या बाईच्या हाती आहे. ती लिफाफा घेते, हळद पाहते आणि सांगते, "येतो सगळे."

पत्ता नको म्हटलं, तरी नाव तरी पुरतं का? तेही पुरत नाही. तांड्यावर एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघं राठोड सहज निघतात आणि दोघांच्या बापाचं नावही एकच निघतं. मग कंसात ओळख लिहावी लागते: पीठगिरणी, बोअरवाले, कंधारवाले. इथवर ठीक. पण खरी अडचण पुढेच आहे. गाव ज्या नावानं माणसाला ओळखतं ते लिफाफ्यावर लिहिता येत नाही, आणि लिफाफ्यावर जे लिहिता येतं त्या नावानं गाव ओळखत नाही. ‘श्री. अमुक तमुक राठोड’ असा देखणा लिफाफा घेऊन पोरं तांड्यावर जातात आणि पहिल्याच घरी विचारतात, "हे कोण?" म्हातारा लिफाफा लांब धरून पाहतो, मग हसतो. "अरे, हा त आपला बोकड्या!" लिफाफा पोचतो. बोकड्याला मात्र अख्खं नाव, बापाच्या नावासकट, वर्षातून एकदा लग्नसराईतच वाचायला मिळतं, म्हणून तो ते दोनदा वाचतो.

एवढं करूनही कोणीतरी राहतोच. त्यासाठी छापखान्यानं आधीच सोय केलेली असते: ‘नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ ज्याला पत्रिकाच मिळाली नाही त्यानं हे वाक्य कुठे वाचायचं, ते छापखाना सांगत नाही. आता ते मोबाइलवर वाचता येतं. व्हॉट्सअॅपवर पत्रिका येते, गाणं वाजतं, फुलं पडतात, फक्त नाव नसतं. ज्याचा लिफाफ्यावरच्या श्री.नं अपमान झाला होता, त्याला आता तो श्री. आठवतो. म्हणून अनुभवी यजमान मोबाइलवर अवलंबून राहत नाही. तो वीस-पंचवीस कोरे लिफाफे आणि एक पेन खिशात ठेवून हिंडतो. बाजारात अचानक समोर आलेल्या माणसाला "तुमचीच पत्रिका घेऊन निघालो होतो" असं म्हणत दुकानाच्या फळीवर लिफाफा ठेवून तो नाव लिहितो. शाई ओली असते, तरी समोरचा माणूस ती ओली नाही असं समजून घेतो. पहाडावरचा सगळा सलोखा या कोऱ्या लिफाफ्यांवर टिकून आहे.

बिनचूक यादी मात्र लग्न लागल्यावर मिळते. मांडवात टेबलाशी एक माणूस आहेराची वही घेऊन बसतो. तो कोणालाच बिरुद लावत नाही. ‘राठोड गिरणी १०१’, ‘तंटामुक्ती ५१’ असं लिहीत जातो. पण पाकिटावर प्रत्येकानं आपलं नाव आपल्याच हातानं, आपल्याला आवडतं तसं लिहिलेलं असतं. ज्याला आपण नुसतं श्री. केलं, त्यानं स्वतःला ह.भ.प. लिहिलेलं असतं. माजी सरपंचाच्या पाकिटावर पद असतं, माजी नसतं. जवाईबापूंनी स्वतःच्या नावाआधी ‘इंजि.’ लावलेलं असतं, जे सासऱ्याला तिथेच पहिल्यांदा कळतं. आजीच्या पाकिटावर नातवाच्या अक्षरात तिचं पूर्ण नाव असतं, बापाचं लावून, नवऱ्याचं नव्हे. कसं बोलावलं असतं तर बरं वाटलं असतं, हे प्रत्येकानं रोख रकमेसह लेखी कळवलेलं असतं.

त्यामुळे हुशार बाप पैसे मंडपवाल्याला देतो आणि पाकिटं रबर लावून ट्रंकेत ठेवतो. धाकटीच्या लग्नापर्यंत एखाद-दोन निवडणुका होणार आणि दोन-चार माजी वाढणार, हे धरूनही. मी सुचवलं की धाकटीच्या वेळी क्रमच फिरवावा. आधी आहेर घ्यावा आणि त्यावरची नावं पाहून मग लिफाफे लिहावेत. मुलीच्या बापाला ते पटलं. चुलत्यालाही पटलं. नातं न कळलेल्या गृहस्थांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "पन आहेराले बोलवाले लिफाफा त लागनच ना जी."